विहीणबाईंची पर्स

“कोनाले दाखवाची हाय?”

गिऱ्हाईक पायरी चढलं की त्याचा हा पहिला प्रश्न. काय पाहिजे, कोणता रंग, हे सगळं नंतर. परदेशी कंपन्यांच्या नावाच्या नकली पर्सा, पट्टे, घड्याळं आणि गॉगल विकणारा हा माणूस अमरावतीत माझ्या शाळेच्या फाटकासमोर अकरा वर्षं बसला. अकरा वर्षं मला त्याचा राग आला.

प्रश्नाला कारण होतं. त्याच्याकडे एकाच वस्तूच्या कमी-जास्त हुबेहूब अशा तीन प्रती असत. खेड्यात मिरवायची तर तिसरी. शहरातल्या भिशीत न्यायची तर दुसरी. जिथे कोणी खरी वस्तू पाहिलेली असेल, तिथे पहिली. आमच्या शाळेतले एक सर चिखलदऱ्याच्या सहलीसाठी गॉगल घ्यायला गेले. “फोटोत दाखवाचा हाय,” म्हणाले.

“मंग हाच न्या.”

घाट चढेपर्यंत काडीवरची सोनेरी अक्षरं घामानं सरांच्या कानशिलावर उतरली. सर भांडायला गेले, तर हा शांतपणे म्हणाला, “फोटो आला ना चांगला?”

मी गणित शिकवतो. मोजल्याशिवाय मला राहवत नाही. एकदा त्याच्या एका पर्सच्या शिवणीवर फूटपट्टी ठेवली. पहिल्या इंचात आठ टाके, दुसऱ्यात अकरा, तिसऱ्यात सहा.

“ही चोरी आहे,” मी म्हणालो. “एखाद्यानं जन्मभर खपून नाव कमवायचं आणि तुम्ही ते छापून विकायचं.”

तो शर्टाच्या बाहीनं पर्सची कडी पुसत राहिला. “गुर्जी, मी कोनाले खरी हाय म्हटलं? मी कॉपी म्हनूनच देतो. खोटं तं गिऱ्हाईक घरी जाऊन बोलते.”

उत्तर बरोबर होतं, म्हणून जास्त झोंबलं. खरं सांगायचं तर माझा खरा राग घेणाऱ्यांवरच होता. नव्वद हजारांची पर्स नऊशेला कशी मिळते, हे न कळण्याइतकं भोळं कोणी नसतं. साधी, मजबूत, बिननावाची पर्स आपल्या बाजारात हवी तेवढी मिळते. पण यांना पर्स नको असते. नाव हवं असतं, तेही दुसऱ्याचं. अशी वस्तू आमच्या घराचा उंबरा ओलांडणार नाही, असं मी शिक्षकांच्या खोलीत कितीदा तरी ऐकवलं होतं.

मग माझ्या मुलीचं अकोल्याला जमलं. साक्षगंधात विहीणबाईंच्या ओटीत साडीबरोबर एक पर्स गेली. मोठ्या दुकानात सवलतीत मिळाली, असं बायकोनं मला सांगितलं होतं. मी फक्त वेष्टन पाहिलं.

चौथ्या दिवशी विहीणबाईंचा फोन आला. त्यांच्या बहिणीकडे तीच पर्स होती, लेकानं परदेशातून आणलेली. बहिणी-बहिणींनी दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्या होत्या.

“पर्स तं खोटी निघाली, इवाई,” त्या म्हणाल्या. “आता पोरीचे शिक्षनाचे कागद तरी खरे हायेत का नाई, थे पाहून घेतो आमी.”

लग्नाला बावीस दिवस होते. पत्रिका वाटून झाल्या होत्या. होणाऱ्या जावयाला फोन लावला की तो “आईशी बोलतो” एवढंच म्हणे. मुलगी दोन दिवस जेवली नाही.

बायकोनं रडत कबूल केलं, पर्स त्याच्याचकडची होती. मी तडक त्याच्या दुकानात गेलो आणि चार गिऱ्हाइकांसमोर तोंडाला येईल ते बोललो. त्यानं बोलू दिलं.

“वैनीले इचारलं होतं मी, कोनाले दाखवाची हाय म्हनून. भिशीतल्या बायकांले, म्हनल्या. मी दुसरी कॉपी देल्ली. ईनबाईले द्याची हाय म्हनल्या असत्या, तं मी देल्लीच नसती. लग्नाच्या कामाले माझा माल देत नाई मी.”

“का? लग्नाचं एवढं सोवळं काय?”

“लग्नातली वस्तू लोक जपून ठेवतात, गुर्जी. माझा माल जपाचा नसते.”

बायको त्याच्याशी खोटं का बोलली, ते मला कळलं. खरं सांगितलं असतं तर ते रस्ता ओलांडून माझ्यापर्यंत आलं असतं. नकली माल विकणाऱ्यालाही आमच्या घरानं फसवलं होतं.

त्यानं शटर अर्ध्यावर ओढलं. “चाला, मी येतो अकोल्याले. खरी हाय म्हनून गुर्जीले फसवलं, असं सांगतो.”

“पण तुम्ही फसवलं नाही.”

“मंग तुमी खरं सांगा.”

गणितात एक पायरी खोटी असली की पुढचं सगळं मी खोडतो. त्या दिवशी खोडलं नाही.

अकोल्याला विहीणबाईंच्या बैठकीत मी आणि बायको सोफ्यावर, तो दाराशी उभा. “चूक झाली, माय. गुर्जी साधा मानूस. म्या फसवलं.” विहीणबाईंनी त्याला अर्धा तास सोडलं नाही. चोर म्हणाल्या, लुच्चा म्हणाल्या, पोरीबाळींचे संसार मोडणारा म्हणाल्या. तो मान खाली घालून “हो माय” म्हणत राहिला.

माझा आवाज कोणाला ऐकू आला नसता तर संशय उरला असता. म्हणून मीही बोललो. अशा माणसांनीच बाजार नासवला, पोलिसांत द्यायला हवं, असं बरंच काही. अकरा वर्षांचा साठा होता, शब्द शोधावे लागले नाहीत. विहीणबाईंचा चेहरा निवळला. चहा आला, तीन कप. त्याला कोणी विचारलं नाही.

लग्न ठरल्या दिवशी झालं. मुलगी सुखात आहे. लग्नानंतर मी शाळेच्या मागच्या फाटकानं जाऊ लागलो. दिवाळीच्या सुट्टीनंतर समजलं की त्याच्या गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. तो कुठे गेला, ते मी कोणालाही विचारलं नाही.

त्याचं माझ्याशी शेवटचं बोलणं त्या दिवशी अकोल्याहून परतीच्या वाटेत झालं. बसमध्ये आम्ही पुढे बसलो होतो, तो मागच्या बाकावर. मूर्तिजापूरला बस थांबली तेव्हा तो उतरला, आणि थोड्या वेळानं माझ्या खिडकीखाली उन्हात येऊन उभा राहिला. हातात पाण्याची थंड बाटली.

“घ्या गुर्जी,” तो म्हणाला. “बोलून बोलून घसा सुकला असन.”

तो हसत नव्हता. मी बाटली घेतली, आणि अमरावती येईपर्यंत झाकण न उघडता मांडीवर धरून बसलो.