नाहूर ते अंधेरी, संदेशच्या सामन्याला

आईचा गुडघा सुजला आणि संदेशला अंधेरीला न्यायचं काम माझ्यावर आलं. संदेश माझा धाकटा भाऊ, तिशी ओलांडलेला. तो बौद्धिक दिव्यांग आहे आणि बोची खेळतो: लांबवरच्या छोट्या पांढऱ्या चेंडूच्या जमेल तितकं जवळ आपले मोठे चेंडू घरंगळत न्यायचे. सरावाला, स्पर्धांना कायम आईच जायची. मी माझ्या प्रवासाच्या ब्लॉगवर लडाख लिहिलं, स्पिती लिहिलं. याच्या मैदानावर कधी पाऊल ठेवलं नव्हतं.

नाहूरहून लवकर निघालात तर पवईचा ट्रॅफिक चुकतो. आम्ही उशिरा निघालो, वाट लागली. संदेश मात्र खुशीत.

"ताई, तू बघणार ना?"

"बघणार रे."

पवई संपेपर्यंत हेच चाललं.

मैदानावर मांडव आहे, टॉयलेट स्वच्छ. बाहेर मिसळ बरी मिळते म्हणे. आम्ही आईने दिलेले घावणे खाल्ले. सामना सुरू होणार तेवढ्यात ऑफिसमधली शिल्पा दिसली, कंपनीतर्फे मदतीला आलेली.

"अगं, तू इथे? तूपण व्हॉलंटियर?"

"हो ना," मी म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं.

संदेश झकास खेळला. शेवटच्या चेंडूआधी खाली बसून त्याने तळहाताने जमीन चाचपली, आणि चेंडू असा सोडला की तो पांढऱ्याला जाऊन टेकला. कांस्यपदक! माइकवरून सांगितलं, पदक घरच्यांनी घालायचं, पुढे या. संदेश मांडवाकडे बघत मला शोधत होता.

"बिचाऱ्याबरोबर कोणी आलंच नाही वाटतं," शिल्पा म्हणाली.

मी चपलेकडे बघत राहिले. शेवटी त्याला बोची शिकवणाऱ्या सरांनी पदक घातलं.

परतताना रिक्षात विचारलं, "रागावलास?" त्याने पदक शर्टाच्या आत टाकलं आणि बाहेर बघत बसला.

घरी आईचा पहिला प्रश्न, "ताईने घातलं ना पदक?"

"सरांनी. ताईला काम होतं."

संदेशला खोटं बोलता येत नाही, असं आम्ही सगळ्यांना सांगतो.

"काम नव्हतं, आई. मला लाज वाटली याची," मी म्हटलं. आईने उठून त्याचं ताट वाढायला घेतलं.

सोमवारी शिल्पाला सांगितलं, तो माझा भाऊ. तीच सॉरी म्हणाली. मला आणखी मेल्यासारखं झालं.

तुम्ही जाणार असाल तर प्रवेश खुला असतो. टोपी न्या, ऊन फार. आणि नाव पुकारलं की उठा. पुढच्या रविवारी सरावाला मी नेते म्हटलं, तर संदेश बुटाची नाडी बांधत शांतपणे म्हणाला, "नको ताई. मी आईबरोबर जाईन."