पाहुणीचा राखणदार

कुंपणाची जाळी वीतभर जमिनीत पुरायची, ही अक्कल माझी. साहेबांनी नुसती तार सांगितली होती. पण पालिकेच्या बागखात्यात मी नकाशे काढायला नवाच लागलेलो, आणि नव्या माणसाला काहीतरी जास्तीचं करून दाखवायची खाज असतेच. ‘ससाही आत शिरता कामा नये’ असं मी नकाशाच्या कडेला ठळक अक्षरात लिहिलं. साहेबांनी पाठ थोपटली. पुढे ससा शिरला नाही, शेळीही शिरली नाही, आणि तिथेच सगळं बोंबललं.

जागा म्हणजे गावाबाहेरच्या बंद दगडखाणीच्या माथ्यावर उरलेला उघडा खडक. त्यावर बोटभर मातीचा थर. पाऊस ओसरला की त्या मातीतून मोहरीएवढं जांभळं फूल वर यायचं, थोडे दिवस राहायचं आणि नाहीसं व्हायचं. जगात दुसरीकडे ते कुठेही सापडलेलं नाही. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या बाईंनी ते शोधलं, त्याला त्याच्या देठाहून लांब शास्त्रीय नाव मिळालं, आणि ‘अतिसंकटग्रस्त’ यादीत नोंदही झाली. मग माझं कुंपण आलं. त्यावर ‘आतील काहीही तोडू, कापू, उपटू नये’ असा फलक आला. आणि राखणदार म्हणून आला माझा सख्खा मामा.

मामाने उमेदीची सगळी वर्षं त्याच खाणीत सुरुंगाची भोकं पाडली होती. त्यापायी एक कान गेला. मामी म्हणाली, “जन्मभर डोंगर फोडलात, आता उरलेला टवका राखा.”

‘अतिसंकटग्रस्त’ म्हणजे काय, हे मामाने पहिल्याच दिवशी बाईंना विचारलं. बाईंनी नीट सांगितलं: उरलीत थोडी, जागा एकच, ती बिघडली की कायमचं संपलं. मामाने मान डोलावली. “म्हणजे आम्हा खाणवाल्यांसारखंच,” तो म्हणाला. ते लांबलचक नाव त्याने कधी तोंडात घेतलं नाही. तो फुलाला ‘पाहुणी’ म्हणायचा. पाहुणीचे दिवस आले की रोज दाढी करून कामावर जायचा. यावर मामीचं म्हणणं असं, की तिच्या माहेरचं माणूस आलं तर हे बनियनवर बसतात, आणि हिच्यासाठी मात्र गुळगुळीत गाल.

पाहुणी नुसत्या डोळ्यांना धड दिसत नसे. म्हणून मामा चौकातल्या घड्याळजीकडे गेला. घड्याळजी त्याचा शाळेपासूनचा सोबती, जिभेला भलती धार. डोळ्याला लावायचं जुनं भिंग त्याने दिलं, भाडं म्हणून अट एकच: पाहुणी आली की मला नेऊन दाखवायची. पण नेमका त्या वर्षी घड्याळजीचा पाय प्लास्टरात. मामा त्याला म्हणाला, “फूल काय पळून जातंय? पुढच्या वर्षी नेतो.”

त्या वर्षी पाहुणी खडकभर होती. मामा कडक पहारा द्यायचा. एक शेळीवाली आजी वर्षानुवर्षं तिथे शेळ्या चारायची. मामाने शिट्टी फुंकून तिला अडवलं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून फलक मोठ्याने वाचून दाखवला, तोही दोनदा. फुलाला कुंपण आणि शेळीला शिट्टी, असं काहीसं पुटपुटत ती खाली उतरली.

पुढच्या पावसानंतर आत गुडघाभर गवत. पाहुणी होती, पण बुडाशी कुठेकुठे, पिवळी पडलेली, पोटात अन्न नसल्यासारखी. असल्या अवस्थेत ती घड्याळजीला काय दाखवायची, म्हणून मामाने त्याला टाळलं. फलक आपणच वाचून दाखवलेला, हे विसरून त्याने कुलूप काढलं आणि गवताचा एक झुबका उपटला. मुळांबरोबर मातीचा थरच गोधडीसारखा उचलून आला आणि खाली कोरा दगड दिसला. मामाने तो थर परत जागेवर ठेवला, वरून हाताने थापटला, आणि बराच वेळ हात तिथून काढलाच नाही.

बाई आल्या त्या कुंपणाला टेकून खालीच बसल्या. पाहुणीला ऊन लागतं, मोकळी माती लागते, त्या सांगू लागल्या. शेळ्या नि ससे गवत खायचे म्हणून ते तिला मिळत होतं. उपटलं तर माती जाते, विळा लावला तर गवत आणखी दाट फुटतं. हवेत ते रोज बुडापर्यंत कुरतडणारे शेळीचे दातच. “मीच कुंपणासाठी हट्ट धरला होता,” त्या म्हणाल्या. मी जाळीकडे बघत राहिलो.

शेळ्या आत सोडायच्या तर अशा जागांसाठी पालिकेने नेमलेल्या समितीची परवानगी हवी. अर्ज मी स्वतः टेबलाटेबलांवरून फिरवला. उत्तर आलं की जुन्या समितीची मुदत संपली आहे, नवी नेमलेली नाही, तोवर फलकाप्रमाणे वागावे. साहेब म्हणाले, कुंपण मात्र झकास झालंय हं तुझं.

शेवटी मामाच म्हणाला, “खड्ड्यात गेली समिती. चल.” आम्ही आजीच्या घरी गेलो. तिने पाणी दिलं. मामाने मान खाली घालून सांगितलं, की उद्यापासून शेळ्या वर आण, कुलूप मी काढतो.

“विकल्या,” आजी म्हणाली.

“सगळ्या?”

“चारायला कुठे नेऊ? वर तू, खाली डांबरी रस्ता. तू एवढं मोठ्याने वाचलंस, मी ऐकलं.”

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मामाला बरं वाटलं असतं. गावात शेळ्या तेवढ्याच उरल्या होत्या. चढावर मामा एकदाच बोलला: “आजीपण त्याच यादीतली निघाली रे.”

यंदा पाऊस ओसरल्यावर मामाने दाढी केली. डोळ्याला भिंग लावून तो गवताच्या बुडाशी दिवसचे दिवस रांगला. पाहुणी आली नाही. बी मातीत जिवंत असेलही, बाई म्हणाल्या, नसेलही. मामा अजून कामावर जातो. गेल्या आठवड्यात मामीने विचारलं, आता राखता तरी काय? त्याने तो बिनकामाचा कान तिच्याकडे केला.

चौक टाळून तो मागच्या गल्लीने घरी येतो. परवा भिंग माझ्या हातावर ठेवून म्हणाला, घड्याळजीला देऊन टाक. मी घेऊन गेलो. घड्याळजीने एका डोळ्याने माझ्याकडे पाहिलं, दुसरा घड्याळात होता.

“भाडं चुकवल्याशिवाय वस्तू परत घेत नसतो मी,” तो म्हणाला. “मामाला सांग, पाय कधीचाच बरा झालाय माझा.”

मी भिंग परत घेऊन आलो. मामाने काही न विचारता हात पुढे केला.