जोशीकाकांची मोटरहोम आणि साबणाचे पाणी

मित्रहो, आज सकाळी इथे सिंगापूरमध्ये बुकित तिमाह भागात जोशीकाकांची जुनी मोटरहोम, म्हणजे झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, विकत घ्यायच्या विचाराने पाहायला गेलो. मी गॅसच्या नळीला साबणाचे पाणी लावू लागताच पत्नी कुजबुजली, "अहो, आपल्या महाराष्ट्र मंडळातले आहेत ते. बरं दिसतं का हे?"

गॅस गळत असेल तिथे बुडबुडे फुगतात. किती साधी, सुंदर कसोटी! पलंगाखालच्या नळीच्या सांध्यावर ते भराभर फुगले.

काकांनी लगबगीने सिलिंडर बंद केला. मग म्हणाले, "परवा नात हट्टाने इथेच झोपली होती रे."

परक्याची गाडी असती, तर पत्नीने मला अडवले नसते. ज्यांच्या जिवाची काळजी वाटते, त्यांच्याच बाबतीत तपासणीचा संकोच आपल्याला का वाटावा?