नाल्यातला गोटा

नवरा गेल्यावर भागीरथाबाईनं वर्धेच्या वेशीजवळचं वावर एकटीनं कसलं. ऐंशी सालाच्या सुमारास शेजारच्या वावरात प्लॉट पडले आणि मधला नाला बुजवायला मुरमाचे ट्रक येऊ लागले. नाल्यात भराव घालू नये, असा पंचायतीचा नियम होता. पण पाळतो कोण! पाणी आपल्या वावरात शिरेल म्हणून अर्ज करून करून बाई थकली. शेवटी तिनं आपल्याच वावराच्या कडेच्या धुऱ्यावरचा एक गोटा उचलला आणि शेंदूर फासून मारोती म्हणून नाल्यात मांडला. देवावर मुरूम टाकायची कोणाची छाती होणार?

कोणाचीच झाली नाही. प्लॉटवाल्यांनी हात जोडले, वर्गणी केली आणि मारोतीला नाल्यात आडवा सिमेंटचा ओटा बांधून दिला. श्रावणात पाणी त्या ओट्याला अडलं, बाईच्या वावरात वळलं आणि काळी माती खरवडून घेऊन गेलं. मागे उरली नुसती चुनखडी.

बाई तणतणत पंचायतीत गेली. "तोडा थो ओटा! देव नाई थो, माह्या धुऱ्यावरचा गोटा हाय. मीच ठेवला!"

सरपंच खुर्चीवरून उठला, त्यानं चपला काढल्या आणि तो तिच्या पाया पडला. "म्हणजे माय, देव तुह्याच हातानं प्रगटला!"