दुधाच्या चौकटीत बिल्ला

लेअर गावाजवळच्या गाईंच्या संशोधन केंद्रात रेम्ट उबेन संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम, म्हणजे प्लगइन, लिहायचा. माणूस लाख मोलाचा, पण एक खोड होती: दुसऱ्याला काय हवं ते यालाच आधी कळायचं. चहाला बसलं की न विचारता समोरच्याच्या पेल्यात खडीसाखर टाकून मोकळा.

त्याचं प्लगइनही त्याच वळणावर गेलेलं. डावीकडे माहितीतल्या सगळ्या रकान्यांची यादी, उजवीकडे दोन रिकाम्या चौकटी, 'दूध' आणि 'गट'. रकाना निवडायचा, बाण दाबायचा, की तो चौकटीत. पण कुणीतरी दुधाच्या चौकटीत गाईची जात घातली आणि सॉफ्टवेअर रुसून बसलं. लोकांना निवडता येत नाही, असं रेम्टने ठरवून टाकलं. मग ज्या चौकटीत जो रकाना चालत नाही, तो तिच्या यादीतूनच गायब!

दुसऱ्याच दिवशी जनावरांची डॉक्टर फ्राउके दारात उभी.

"माझा चारा कुठे गेला रे?"

"कुठला चारा?"

"चाऱ्याचा रकाना. गटात घालायचाय, तर यादीत पत्ताच नाही."

रेम्टने बघितलं. "तू चाऱ्याला एक, दोन असे आकडे दिलेस. आकडा म्हणजे मोजमाप. ते गटात बसत नाही."

"अरे, एक म्हणजे गवत, दोन म्हणजे मका! गाय काय दीड चारा खाते?"

"तुझी माहितीच चुकीची भरलीय."

"बरं. गाईंना कळवते."

एवढं ऐकून शहाणं व्हायचं, तर हा आणखी पुढे गेला. प्लगइनच आता चौकटी भरू लागलं: आकड्यांचा पहिला रकाना दिसला की तो दुधाच्या चौकटीत, शब्दांचा पहिला गटाच्या.

शेतकऱ्यांच्या बैठकीत रेम्टने ते मोठ्या पडद्यावर लावलं. आकड्यांचा पहिला रकाना नेमका गाईच्या कानातल्या बिल्ल्याच्या क्रमांकाचा होता. रेम्टचं लक्ष लोकांच्या चेहऱ्यांकडे. ऐटीत म्हणाला, "बघा, गवतावरच्या गाईचं सरासरी दूध!"

पडद्यावर होतं: अठ्ठेचाळीस हजार लिटर.

म्हातारा हाबो हळूच म्हणाला, "रेम्ट, ती गाय मला दे. बाकीच्या मी विकून टाकतो."

"अरे, पण बादली कुठून आणशील?" मागून कुणीतरी विचारलं आणि अख्खी खोली हसत सुटली. शेवटच्या रांगेत फ्राउकेने तोंड मफलरमध्ये खुपसलं.

परतताना गाडी फ्राउकेच चालवत होती.

"बोल ना, 'मी सांगत होते' म्हणून," रेम्ट म्हणाला.

"मी कुठे काय म्हणतेय?"

"तेच जास्त लागतंय."

त्यानंतर त्याने सगळं नव्याने लिहिलं. आता यादीत सगळे रकाने दिसत; न चालणारा फिकट, आणि का चालत नाही ते शेजारीच. आकड्यांचा रकाना असला की प्लगइन विचारी, 'मोजमाप की नाव?' माणसाने भरेपर्यंत चौकट रिकामी.

फ्राउके ते तपासायला बसली आणि गप्पांच्या नादात तिने दुधाच्या चौकटीत गाईचं जन्मसाल घातलं. रेम्टचा हात माउसकडे निघाला. त्याने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

"'जन्मसाल: मोजमाप की नाव?'" फ्राउकेने वाचलं आणि कपाळाला हात लावला. "अगं बाई, हे कुठे घातलं मी!" तिने रकाना बाहेर काढला, दूध आत घातलं. मग वळून विचारलं, "तुला दिसलं होतं?"

"दिसलं."

"आणि तू गप्प बसलास?"

"फार जड गेलं गं," रेम्ट म्हणाला.