दुसऱ्या महिन्याचं सॅम्पल

दोरीची शेवटची गाठ बसली की भाऊ खोक्यावर एक थाप मारायचे आणि म्हणायचे, "आता विमान पडलं तरी हे सुटायचं नाही." गावी निघालेल्या माणसाला विमान पडण्याबद्दल ऐकायचं नसतं. पण खोकं सुटायला नको असतं, त्यामुळे कुणी हरकत घेत नसे.

शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात आमची कंपनी आहे. खोदाईच्या यंत्रांचे सुटे भाग कोरियाहून आणायचे आणि इथे विकायचे, एवढाच धंदा. भाऊ पर्चेसला होते, मी अकाउंट्सला. कुणाची सुट्टी मंजूर झाली की तो माणूस खोकं घेऊन भाऊंच्या टेबलापाशी यायचा, मग तो मलबारी असो, पठाण असो की आमच्यासारखा. तुम्हीही विमानतळावरच्या पट्ट्यावर अशी खोकी पाहिली असतील. दूध पावडर, बदाम, बाम, साबण, टॉर्च असं सगळं कोंबलेलं, चिकटपट्टीने गुंडाळलेलं आणि चारी बाजूंना मार्करने मालकाचं नाव. भाऊंच्या हातचं खोकं घरी पोचल्यावर ओळखू यायचं, कारण ते सगळ्यांत शेवटी उघडायचं. सुरीने.

भाऊंचं घर गुहागरजवळ. वहिनी तिथे, मुलगी लग्न होऊन पुण्याला. भाऊ तरुणपणी इकडे आले ते इथेच राहिले. वर्षाला एक महिना सुट्टी. तो महिना कसा जातो ते इथल्या कुणालाही विचारा. आधी खोक्यातलं वाटायचं, मग ज्यांना कमी मिळालं त्यांचे रुसवे काढायचे. मग बँक, विमा, छपराची डागडुजी, एक लग्न आणि एक बारावं. तेवढ्यात परतीचं तिकीट येऊन ठेपतं आणि कुळथाचं पीठ भरायला नवं खोकं शोधावं लागतं. सुट्टीवरून आलेला माणूस आमच्याकडे दोन दिवस डुलक्या काढतो आणि साहेबही त्याला काही म्हणत नाहीत.

मग कंपनीने भाऊंना सांगितलं, या वर्षअखेरीस तुमची निवृत्ती. सगळ्यांनी अभिनंदन केलं. भाऊंनी सगळ्यांचे आभार मानले आणि दुपारी चहाचा कागदी कप घेऊन ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"मॅडम, एक प्रॉब्लेम आहे."

"काय झालं भाऊ?"

"आम्ही दोघांनी दुसरा महिना कधी पाहिलेलाच नाही."

मला आधी कळलंच नाही. तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं, अगदी इन्व्हॉइस समजावून सांगतात तसं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सलग एका महिन्याच्या वर ती दोघं एका घरात राहिलेली नाहीत. महिनाभर सगळं उत्तम असतं. एकही भांडण झालेलं नाही. "महिनाभरासाठी आलेल्या माणसाशी कोण भांडणार?" भाऊ म्हणाले. "पुढे काय होतं, ते आम्हाला दोघांनाही माहीत नाही. आणि आता तर कायमचंच जायचंय."

मी म्हटलं, पाण्यात पडलं की पोहता येतं. ते म्हणाले, "असं कसं? सॅम्पल मागवल्याशिवाय मी आजवर बोल्टची ऑर्डर दिली नाही."

सॅम्पल कुठे घ्यायचं, हा पुढचा प्रश्न. गुहागरला सगळं गाव ओळखीचं. इथे त्यांची खोली सहा जणांत. मी रास अल खैमा सुचवलं, तिथे समुद्र आहे, शांतता आहे. भाऊंनी मान हलवली. "तिथे माझे चार ओळखीचे आहेत. जेवायला बोलावतील." त्यांना अशी जागा हवी होती, जिथे कुणी ओळखत नाही, काही काम नाही आणि बघण्यासारखं फारसं काही नाही. नवरा-बायकोला नुसतं एकमेकांसमोर बसावं लागेल अशी जागा.

ती सापडली आमच्या कोरियन इंजिनियरमुळे. तो दरवर्षी ट्रेनिंग द्यायला यायचा. भाऊंनी त्याला विचारलं, तुझ्या गावात काय आहे? तो म्हणाला, "ओल्ड किंग्ज, ओल्ड हाउसेस, ओल्ड पीपल. नथिंग. व्हेरी रिलॅक्स." गावाचं नाव ग्योंगजू. भाऊंनी ते नाव पुठ्ठ्याच्या तुकड्यावर देवनागरीत लिहून घेतलं आणि राष्ट्रीय दिनाची सुट्टी शनिवार-रविवारला जोडून आल्याबरोबर तिकिटं काढली. भाऊंना मोबाईलवर रस्ता शोधता येत नाही, म्हणून मी आणि माझा नवरा बरोबर. आम्हालाही कुठेतरी जायचंच होतं. तो म्हणाला, "लोक वीकेंडला मस्कतला जातात." पण आला.

विमानतळावर भाऊ दिसले ते ट्रॉलीवर खोकं घेऊन. चारी बाजूंना नाव, दोरी घट्ट.

"भाऊ, हे कशाला?"

"ती भेटणार ना तिथे."

"अहो पण वहिनी आपल्याबरोबरच असणार आहेत. घरी नाही जायचंय."

भाऊ खोक्याकडे बघत राहिले. त्यांच्या हे खरोखरच लक्षात आलं नव्हतं. इतकी वर्षं बायकोला भेटायचं म्हणजे आदल्या रात्री खोकं बांधायचं, एवढंच हाताला माहीत. तोवर काउंटरवाल्याने ते आत ढकललं होतं.

वहिनी मुंबईहून परस्पर आल्या होत्या आणि आमच्या आधी पोचल्या होत्या. जन्मात पहिल्यांदा देशाबाहेर पडलेली बाई, वाटेत विमान बदलून, एकटी. आम्ही बाहेर आलो तर शाल गुंडाळून, हातात पाण्याची बाटली घेऊन दाराबाहेर उभ्या. भाऊंना बाटली देत त्यांनी विचारलं, "दमलात?"

"नाही. तू?"

"मी कसली दमतेय? तुम्ही प्रवास करून आलात."

माझा नवरा काहीतरी बोलणार होता. मी त्याच्या पायावर पाय दिला.

ग्योंगजू इंजिनियरने सांगितलं होतं तसंच निघालं. कौलारू बसकी घरं, रिकामे रस्ते, आणि घरांच्या मध्येच गवताच्या मोठाल्या टेकड्या, म्हणजे जुन्या राजांच्या समाध्या. थंडी अशी की कान आहेत की नाहीत ते हात लावून बघावं लागे. आम्ही उतरलो ते घर एका म्हाताऱ्या आजींचं होतं. खोलीत पलंग नाही, पण जमीन खालून गरम. वहिनींनी तळवा टेकवून पाहिला आणि दोन्ही पाय पसरून खाली बसल्या. "हे बरं केलंय यांनी," म्हणाल्या. मला वाटलं, चला, आराम सुरू झाला.

मग भाऊंनी खोकं उघडलं. दूध पावडर, बदाम, बामच्या बाटल्या, साबण, टॉर्च. वहिनींनी सवयीने जमिनीवर वाटे घातले. "हे थोरल्या वन्संना, हा शेजारच्या..." आणि थांबल्या. वन्सं चिपळूणला होत्या.

"आता हे कुणाला द्यायचं?" त्यांनी विचारलं.

"परत नेता येईल," मी म्हटलं. दोघांनीही माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसले. खोक्यातलं परत नेण्याची पद्धत नाही.

सगळा दुसरा दिवस वाटण्यात गेला. आजींना बाम आणि बदाम. समोरच्या न्हाव्याला टॉर्च. कपडे धुणाऱ्या दुकानातल्या बाईला साबण, यात कुणाला काही गैर वाटलं नाही. बसथांब्यावर बसलेल्या एका आजोबांना भाऊंनी दूध पावडरचा डबा दिला आणि "फ्रॉम दुबई" एवढं सांगितलं. आजोबांनी उठून, दोन्ही हातांनी डबा घेतला आणि कमरेत वाकून नमस्कार केला. संध्याकाळी एकेक जण परतफेड करायला येऊ लागला. सुकवलेली फळं, सफरचंदं, समुद्री शेवाळाची पाकिटं, लाल घेवड्याचं पुरण भरलेले गोल पाव. रात्रीपर्यंत त्या गावात भाऊंच्या अर्धा डझन ओळखी झाल्या होत्या आणि न्हाव्याने जेवायला बोलावलं होतं.

"हे तर गुहागरच झालं," भाऊ हताश होऊन म्हणाले.

तिसऱ्या दिवशी मात्र करायला काही उरलं नाही. ती दोघं एका समाधीसमोरच्या बाकावर बसली. आम्ही जरा मागच्या बाकावर.

"चहा घेणार?" भाऊंनी विचारलं.

"तुम्ही घेणार असाल तर घेते."

"तुला हवा असेल तर मी घेईन."

चहा काही आला नाही. समोर एकमेकांना चिकटलेल्या दोन टेकड्या होत्या. माझ्या नवऱ्याने पाटी वाचून सांगितलं, एकीत राजा, दुसरीत राणी. भाऊंनी त्या बराच वेळ निरखल्या. "यांचं जमलं म्हणायचं," म्हणाले. वहिनी हसल्या, पदराआड, नव्या नवरीसारख्या. साठीला आलेल्या बाईने नवऱ्यासमोर असं बेतानं हसू नये.

दुपारी भाऊ मला एकटीला गाठून म्हणाले, "मॅडम, सॅम्पल फेल आहे. ती मला पाहुण्यासारखं वागवते."

"म्हणजे?"

"सकाळी ओला टॉवेल मुद्दाम तिच्या अंथरुणावर टाकला. तिने उचलून वाळत घातला. काल जेवायला मुद्दाम उशीर केला, तर म्हणाली, असू दे, दमला असाल. बूट घालून घरात गेलो. आजी ओरडल्या, ही नाही ओरडली." आणि पुढे म्हणाले, "एकदा तरी चिडायला हवी होती हो. घरच्या माणसावर माणूस चिडतो."

यल्ला हबीबी, म्हणजे चल दोस्ता, म्हणत सप्लायरला तासभर घोळवणारा हा माणूस, बायकोने झापावं म्हणून रडवेला झाला होता. हसावं की काय करावं, मला कळेना.

संध्याकाळी वहिनी गरम जमिनीवर बसून सफरचंदं पुसत होत्या. मी सरळच विचारलं, भाऊ कायमचे येणार, तर आनंद झाला ना? त्यांनी दाराकडे पाहून आवाज खाली घेतला.

"खरं सांगू? भीती वाटते. इतकी वर्षं एकटी आहे. भाकरी एकीची थापते. पहाटे मोठ्याने रेडिओ लावते. झोपते ती पलंगाच्या मधोमध. आता रोज घरात एक माणूस. चांगला आहे हो, फार चांगला आहे. पण चार दिवसांच्या माणसाला काय बोलणार? गेला की वर्षभर आपल्यालाच टोचत राहणार." सफरचंद खोक्यात ठेवून त्या म्हणाल्या, "आणि एकदा बोलायला लागले तर थांबेन का, तेही मला माहीत नाही."

हे मी भाऊंना सांगितलं नाही. नवरा-बायकोच्या मध्ये पडलं की दोन्हीकडून मार बसतो, हे मला चांगलं माहीत आहे.

परतताना विमानतळावर दोघांची गेटं वेगळी होती. वहिनी म्हणाल्या, "पोचलात की कळवा." भाऊ म्हणाले, "तूही कळव." आणि एकमेकांना वाट करून देत दोघंही काही वेळ तिथेच उभी राहिली.

ऑफिसात सगळ्यांनी विचारलं, "भाऊ, आराम झाला?" भाऊ म्हणाले, "झाला." मला मात्र टेबलापाशी येऊन सांगितलं, "फिनिश चांगली आहे. लोड दिल्यावर काय होईल, सांगता येत नाही."

"मग ऑर्डर?"

"कॅन्सल कशी होणार? व्हिसाच कॅन्सल होतोय."

डिसेंबर संपला. केक कापला, शाल दिली. साहेबांनी दोन शब्द बोलायला सांगितलं तेव्हा भाऊ दोनच शब्द बोलले, "थँक यू." आणि गेले. इथे माणूस असाच जातो. जानेवारीत त्यांच्या खुर्चीवर एक नवा मुलगा आला. तो सॅम्पल मागवत नाही, फोटो मागवतो.

जानेवारीभर मी फोन केला नाही. पहिला महिना बरा जाणार हे ठरलेलंच होतं. फेब्रुवारीही जवळजवळ सगळा जाऊ दिला. मग एका दुपारी डबा खाऊन झाल्यावर राहवेना. रिंग बराच वेळ वाजली. भाऊंनी उचलला.

"भाऊ, कसं काय?"

मागून वहिनींचा आवाज येत होता, आणि तो ग्योंगजूमधला आवाज नव्हता. पंप चालू ठेवून माणूस मासळी आणायला जातो, टाकी भरून अंगणात तळं झालंय, वाळत घातलेली आमसुलं पोहतायत, सांगितलेलं एक काम धड होत नाही, आणि आणलेली मासळी तरी ताजी आहे का, डोळे बघितलेत का तिचे, पस्तीस वर्षं काय कागदावरचे मासे खाल्लेत तिकडे! मध्ये श्वास घ्यायलासुद्धा त्या थांबत नव्हत्या.

"भाऊ? मी नंतर करू का?"

"नको, नको," ते कुजबुजले. आवाजात लपवता न येणारा आनंद होता. "ठेवू नका मॅडम. ऐका. मला झापतेय."

मग बहुधा त्यांनी फोन कानापासून दूर, तिच्या दिशेने धरला, कारण वहिनींचा आवाज एकदम मोठा झाला. बोलणं आता पंपावरून सरकून कुठल्याशा जुन्या गणपतीपर्यंत गेलं होतं, ज्याला येतो म्हणून भाऊ आलेच नव्हते.

नव्या मुलाने खुणेने विचारलं, कोण आहे? मी त्याला हातानेच थांब म्हटलं आणि ऐकत राहिले.