ओली वाकळ

लग्न करून गडमुडशिंगीत आली तेव्हा तेजस्वीला एकाच गोष्टीची धास्ती होती. आपल्याबद्दल बोलताना लोकांच्या तोंडी 'सावत्र' हा शब्द येऊ नये. नवरा संग्राम कांबळे गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत कामाला. त्याची पहिली बायको विशाखा काविळीनं गेली होती. मागं राहिली संघप्रिया, तिसरीतली पोरगी. बोलायला कमी, चित्रं काढायला पुढं. तेजस्वी महाद्वार रोडच्या एका साडीच्या दुकानात कामाला जायची. येताना पोरीला रंगीत खडू आणायची, सकाळी तिच्या वेण्या घालायची. पोरगी तिला मावशी म्हणायची आणि तेजस्वीची त्याला काही हरकत नव्हती.

संसार नुकता सुरू झाला होता आणि एका सकाळी पोरीच्या अंगाखालची वाकळ ओली निघाली. दोन दिवसांनी परत तेच. तेजस्वीनं गुपचूप धुऊन टाकली आणि संग्रामला विचारलं. तो म्हणाला, "आधी तर मला कधी दिसलं न्हाय."

त्याची कायमची रात्रपाळी. तो घरी यायचा तोवर अंथरुणं गोळा झालेली असायची. पण हे तेव्हा दोघांच्याही ध्यानात आलं नाही. तेजस्वीनं एवढंच धरलं की आधी नव्हतं, आपण आलो आणि सुरू झालं. त्यात शेजारच्या धोंडुबाईनं दोरीवरची वाकळ बघून कुंपणावरनंच आवाज टाकला, "काय गं, रोजच धुतीस? पोरगी भ्याली व्हय नव्या आईला?"

त्या दिवसापासनं वाकळ अंगणात वाळली नाही. ती गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागं जाऊ लागली. आणि भीती लपवता लपवता तिचा राग कधी झाला, ते तेजस्वीला कळलं नाही. शाळेतनं आल्यावर पोरीनं पाण्याच्या तांब्याला हात लावला की ती ओरडायची. "एवढी मोठी झालीस, तुला लाज कशी वाटत न्हाय?" संघप्रिया तांब्या खाली ठेवायची आणि पुन्हा चित्राकडं वळायची.

मग तेजस्वीच्या भावाचं, विश्वजितचं लग्न निघालं, कागलला. आदल्या दिवशी हळद झाली, मुक्काम कार्यालयातच पडला. सगळी पोरं एका रांगेत झोपली. सकाळी पाहुण्या बायका चहा घेत बसल्या होत्या. कुणीतरी गाद्या गोळा करायला गेलं आणि म्हणालं, "ही कुणी भिजवली गं?"

सगळ्यांनी आपापल्या पोरांकडं बघितलं. मग एकेक नजर तेजस्वीकडं वळली. माहेरच्या बायका, होणारी वहिनी, वहिनीची आई. तेजस्वीला वाटलं, आता म्हणतील, सावत्र आईपाशी पोरगी अशी झाली. ते कुणी म्हणायच्या आधीच ती मोठ्यानं बोलून गेली, "हिला सवयच हाय. नुसता आळस! उठायला नको हिला. उचल ती गादी, ने गच्चीवर, तूच घाल वाळत."

पोरीनं गादी उचलली. ती तिच्यापेक्षा मोठी होती, अर्धी फरशीवरनं घासत गेली. वाटेत मांडवातली पोरं हसली. संघप्रिया रडली नाही.

त्यानंतर शाळेतनं तिची पाण्याची बाटली भरलेलीच परत यायला लागली. तेजस्वीला ते दिसलं होतं. पुढं तिला सगळ्यात जास्त हेच खात राहिलं. तिला दिसलं होतं, आणि बरं झालं, असंच तिला वाटलं होतं.

एके दुपारी दुकानात शाळेचा फोन आला. पोरीला ताप भरला होता, पोटाला धरून बसली होती. लघवीला जाताना आग होतेय म्हणून रडत होती. तेजस्वी रिक्षा करून गेली आणि तिला थेट राजारामपुरीतल्या दवाखान्यात घेऊन आली. मागोमाग संग्राम आला. त्यानं फोन केला म्हणून रुकडीहून विशाखाची आई, सरुबाईही आली.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, लघवीची तपासणी केली. म्हणाल्या, "लघवीच्या मार्गात संसर्ग झालाय. औषधानं बरं होईल. पण ही पाणी पीत नाही का? आणि पोट रोज साफ होतं का?"

पोटाचं कुणी कधी विचारलंच नव्हतं. पोरगी हळूच म्हणाली, "तीन-चार दिवसांनी."

तेजस्वीनं मग सगळं सांगितलं. अंथरूण ओलं होतं तेही आणि पाणी कुणी बंद केलं तेही. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "ताई, झोपेत होतं ते तिला कळतच नाही. मुद्दाम नाही आणि आळसानंही नाही. काही मुलांची झोप गाढ असते, काहींच्या लघवीच्या पिशवीला रात्रभर धरायला उशिरा जमतं. दिवसा पाणी तोडलं की लघवी घट्ट होऊन पिशवीला टोचते. पोट साफ नसलं की तिच्यावर दाब येतो. म्हणजे त्रास वाढतोच."

"पण हे माझ्यामुळंच सुरू झालं न्हवं?" तेजस्वीनं विचारलं.

डॉक्टरीणबाई काही बोलायच्या आत सरुबाईच म्हणाली, "न्हाय गं बाई. हे आधीपासनंच हाय. इशाखा पहाटंच समदं धुऊन टाकायची, ह्येला पत्ता लागू द्यायची न्हाय. ती गेल्यावर रातीला पोरीपाशी मी झोपायची, तवा मीबी त्येच केलं." तिनं संग्रामकडं हात केला. "आन् खुद्द इशाखालाबी हुतं, सहावीपतूर."

"घराण्यात असतं बऱ्याचदा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

सरुबाईनं पदर तोंडाला लावला. "मी तिच्या मांडीला उलथन्याचा चटका दिलता. लोक सांगायचे, चटका दिला की थांबतंय. मरूस्तवर डाग हुता तिच्या मांडीवर. म्हणून तिनं ह्या पोरीला कधी एक शबूद लावला न्हाय. आन् मलाबी घरात ऱ्हाऊ द्यायची न्हाय फार."

संग्राम मान खाली घालून म्हणाला, "माझ्याच घरात, आणि मला ठावं न्हाय."

तेजस्वीच्या छातीवरचा दगड उतरला. तिच्या येण्यानं काही झालं नव्हतं. पण हायसं वाटल्याचीच तिला लगेच लाज वाटली. पोरीचं दुखणं तिच्यामुळं नव्हतं, कागल मात्र तिचंच होतं. ते ना विशाखाचं, ना सरुबाईचं, ना धोंडुबाईचं.

सलाईन सुरू असताना ती पोरीच्या उशाशी बसली. "संघू, कागलात माझं चुकलं."

"सगळे हसले," पोरगी म्हणाली.

"व्हय. माझ्यामुळं हसले."

"मग आता?"



घरी आल्यावर रीत बदलली. सकाळपासनं भरपूर पाणी, संध्याकाळनंतर थोडं, पण तहान लागली तर नाही म्हणायचं नाही. शाळेत बाईंना सांगून मधेमधे लघवीला सोडायचं. पोटासाठी औषध, पपई, पालेभाजी. झोपण्याआधी एकदा जाऊन यायचं. वाकळेखाली रबरी कापड आलं. ओलं झालं तर कपडे बदलायचे, बोलायचं काही नाही. कोरडं राहिलं म्हणून बक्षीसही द्यायचं नाही, कारण ते पोरीच्या हातातच नव्हतं. संग्रामनं साहेबाला गाठून दिवसपाळी मागून घेतली आणि वाकळ तो धुऊ लागला, अंगणातच, सगळ्यांच्या देखत. धोंडुबाईनं विचारलं तर म्हणाला, "झोपेत होतंय, काकू. तिच्या आईलाबी होतं."

एका रविवारी तेजस्वी एकटीच कागलला गेली. आईला, वहिनीला आणि गल्लीतल्या ज्या बायका लग्नात होत्या त्यांना बोलावून घेतलं. म्हणाली, "त्या दिवशी मी पोरीला आळशी म्हटलं. ते खोटं होतं. तिला दुखणं होतं आणि मी माझं तोंड वाचवायला तिचं नाव घेतलं."

आई ओशाळून म्हणाली, "आता कशाला उकरायचं गं ते? इसरलं समदं."

"तुम्ही विसरलासा. ती न्हाय विसरली."

एकजण उठताना तिच्या कानाशी येऊन म्हणाली, "माझ्या धाकट्यालाबी हाय. कुठल्या डॉक्टरकडं दाखवलं?"

पावसाळा संपता संपता संघप्रियाच्या बऱ्याच सकाळी कोरड्या जाऊ लागल्या. मधेच एखादी ओली निघायची. तेव्हा ती आपणहून सांगायची, "मावशी, झालं." बाटली रिकामी होऊन येत होती. पण दिवाळीत वहिनीनं फोन केला, पोरीला चार दिवस राहायला पाठवा म्हणून. संघप्रियानं खडू खाली न ठेवताच नाही म्हटलं.

तेजस्वीनं का म्हणून विचारलं नाही. फोनवर तिनं सांगितलं, "ती येणार न्हाय. माझ्यामुळं येत न्हाय." मग ती आत जाऊन पोरीच्या शेजारी बसली आणि तिला कोणता रंग हवाय ते विचारलं.